‘व्हायवा’, ‘डीम्ड’, ‘कोलॅब’... या छाटलेल्या शब्दांमागे काय दडलंय?

‘उद्या व्हायवा आहे’, ‘साहेबांचा बाइट मिळाला का?’, ‘ही रील कोलॅब आहे’. अशी वाक्यं आपण रोज ऐकतो. हे सगळे मोठ्या इंग्रजी शब्दांचे किंवा शब्दसमूहांचे छाटलेले तुकडे आहेत.

शब्द का छाटले जातात?

एखादा लांब शब्द सतत बोलावा लागला की जीभ सोपी वाट शोधते. ॲडव्हर्टाइजमेंटचं ‘ॲड’ झालं, प्रिलिमिनरीचं ‘प्रिलिम’. ‘व्हायवा’ हा लॅटिनमधल्या ‘व्हायवा व्होसी’चा अर्धा भाग, मूळ अर्थ ‘जिवंत आवाजात’, म्हणजेच तोंडी. टीव्हीवाल्यांचा ‘बाइट’ आला ‘साउंड बाइट’मधून: लांबलचक बोलण्यातून काढलेला छोटासा घास. मराठीतही हे होतंच. ‘तोंडी परीक्षा’ न म्हणता आपण ‘तोंडी कशी गेली?’ असंच विचारतो.

मग अडचण कुठे आहे?

काही वेळा छाटलेल्या भागातच कामाची माहिती असते. ‘डीम्ड’चं पूर्ण रूप आहे ‘डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी’, म्हणजे अभिमत विद्यापीठ. अशी संस्था विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नसते; यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम ३ नुसार केंद्र सरकार तिला हा दर्जा देतं. २०१७ मध्ये यूजीसीने अशा संस्थांना नावात नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ न लावता कंसात पूर्ण शब्द लिहायला सांगितलं. एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. डीम्ड संस्थांच्या जागा राज्याचा सीईटी सेल नाही, तर केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. तिथे वेगळी नोंदणी केली नाही, तर गुण असूनही त्या जागेसाठी तुमचा विचार होत नाही.

‘कोलॅब’चंही तसंच. कोलॅबोरेशन म्हणजे सहकार्य. पण दोन मित्रांनी मिळून केलेली रीलही ‘कोलॅब’ आणि कंपनीकडून पैसे घेऊन केलेलं कौतुकही ‘कोलॅब’! म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी सूचना काढल्या: पैसे किंवा भेटवस्तू घेतली असेल, तर ते सोप्या, स्पष्ट भाषेत सांगा.

तुम्ही काय कराल?

बोलताना छोटे शब्द खुशाल वापरा. पण फी भरण्याआधी, फॉर्मवर सही करण्याआधी किंवा रील पाहून खरेदी करण्याआधी एकदा विचारा: ‘याचा पूर्ण शब्द काय?’