जीपगाडीत जादा पेट्रोल-डिझेल बाळगताना घ्यावयाची काळजी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात जीपगाड्यांची धावपळ वाढते. फडावरच्या ट्रॅक्टरला डिझेल पोचवायचे, तोडणीच्या टोळीकडे चक्कर मारायची, आडरानातल्या वस्तीवर जायचे. आणि पंप मात्र मोठ्या गावात. मारुती जिप्सीची काय किंवा २०२३ साली आलेल्या जिम्नीची काय, टाकी ४० लिटरचीच. डांबरी सडकेवर तेवढे पुरते. पण चारही चाके लावून, लो गिअरमध्ये चिखलातून गाडी काढायची म्हटली की काटा बघता बघता खाली येतो. म्हणून बरेच सभासद गाडीत जादा इंधन ठेवतात. त्यात गैर काही नाही. परंतु ते कशात आणि कुठे ठेवतात हे पाहिले म्हणजे आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींना काळजी वाटते. फवारणीच्या औषधाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन, बुचाऐवजी चिंधीचा बोळा, आणि तो मागच्या सीटखाली मोकळाच. याच गाडीत घरची मुले बसतात, आणि हीच गाडी टोळीच्या कोप्यांपाशी, पेटत्या चुलींजवळ उभी राहते.

पेटते ती वाफ

प्रत्यक्षात तेल पेटत नाही, तेलाची वाफ पेटते. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेटण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते व दूरच्या विस्तवापर्यंत पोचते. डिझेल त्यामानाने सौम्य. म्हणून १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही त्याचा वर्ग वेगळा आहे. पण डिझेल म्हणजे पाणी नव्हे. डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकेल ते तापमान किमान ३५ अंश असावे, असे भारतीय मानक आहे. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी आतून याहून कितीतरी जास्त तापते! शिवाय पेट्रोलच्या कॅनमध्ये डिझेल भरले, तर तळाला राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलमुळेही ते लवकर पेट घेते. म्हणून दोन्हींचे कॅन वेगळे ठेवावेत व त्यांवर रंगाने नाव घालावे.

कॅन कसा असावा

२० लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन सर्वांत चांगला. हा मूळचा जर्मन सैन्याचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज-अमेरिकनांनी त्याची नक्कल केली आणि जर्मनांच्या ‘जेरी’ या टोपणनावावरून त्याला हे नाव पडले. त्याचे झाकण खटक्याने घट्ट बसते आणि वरच्या अंगाला हवेसाठी जागा असते. ही जागा महत्त्वाची. २० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे ४०० मिलिलिटर फुगते. तेव्हा कोणताही कॅन गळ्यापर्यंत भरू नये. लिटरभर जागा मोकळी सोडावी.

भरताना आणि ठेवताना

कॅन गाडीतच ठेवून भरण्याची सवय सोडावी. रबरी मॅटवर ठेवलेल्या कॅनमध्ये तेलाच्या धारेने स्थिर वीज साठते आणि ठिणगी उडू शकते. कॅन जमिनीवर ठेवावा, नळीचे तोंड कॅनच्या तोंडाला टेकवावे व सावकाश भरावे. सुटे पेट्रोल देण्यावर वेळोवेळी निर्बंध येतात, तेव्हा पंपावर आधी विचारावे.

डिझेलने भरलेला कॅन सुमारे २१ किलोचा होतो. असे दोन-तीन टपावर टाकले की अरुंद, आखूड गाडी कालव्याच्या भरावावर कलंडायला वेळ लागत नाही. मागच्या बंपरवर टांगला तर पाठीमागून धडकणारे वाहन आधी कॅनवरच येते. उघड्या जीपमध्ये पुढच्या सीटच्या मागे, खाली, अँगलच्या चौकटीत उभा ठेवून पट्ट्याने आवळावा. बंद गाडीत माणसांसोबत पेट्रोलचा कॅन नेऊच नये. रिकामा कॅनही झाकण लावूनच ठेवावा, कारण आत वाफ असतेच.

टाकीत ओतताना इंजिन बंद असावे, सायलेन्सर थंड झालेला असावा, आणि गाडी पाचटावर उभी नसावी. नळी तोंडाने ओढू नये. चुकून पोटात गेलेच तर उलटी करवू नये, कारण तेल फुफ्फुसात उतरते. तडक दवाखाना गाठावा.

जादा टाकी बसवायची असेल तर

१) जस्ती पत्र्याची टाकी डिझेलला चालत नाही. जस्ताशी संयोग होऊन गाळ धरतो व फिल्टर चोंदतात.

२) टाकी चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये, मागच्या एक्सलच्या पुढे व सायलेन्सरपासून दूर असावी. आत आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर तेल हिंदकळून गाडी ओढते. हवेची नळी गाडीबाहेर काढावी.

३) डिझेल इंजिन ओढलेले सगळे डिझेल जाळत नाही, उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते. एका टाकीतून ओढले आणि दुसरीत परत गेले, तर दुसरी भरून वाहते. दोन्ही नळ्या एकदम बदलणारा कॉक बसवावा.

४) जुन्या, रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नये. आतल्या वाफेचा स्फोट होऊन जीव जातो.

५) काम करण्यापूर्वी आर. टी. ओ. कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारावे.

आमचा अनुभव असा की, जादा टाकीपेक्षा नीट बांधलेला एक कॅन बरा, आणि कॅनपेक्षा आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेली मूळ टाकी बरी. गाडीत कोरड्या पावडरचे आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे. पेटलेल्या तेलावर पाणी मारू नये, माती टाकावी. इंधनाचा कॅन कोप्यांच्या आसपास उतरवू नये. तोडणीला आलेल्या माणसांची लेकरे तिथे झोपलेली असतात, याचे भान सर्व सभासदांनी ठेवावे व आपल्या ड्रायव्हरलाही ही माहिती वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी