विरोधकाशी कसं बोलायचं, हे आमदारांना शिकवता येतं का?



डिसेंबर आला की नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातले व्हिडिओ आपल्या फोनवर येऊ लागतात. कुणी कागद फाडतंय, कुणी पायऱ्यांवर बसून घोषणा देतंय, कुणी राजदंडाकडे धावतंय. मग कौटुंबिक ग्रुपवर कुणीतरी काका लिहितात, "यांना कुणी काही शिकवलंच नाही का?"

तर शिकवतात, मंडळी. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये शिकवतात, मुंबईच्या विधानभवनात शिकवतात, आणि आपल्या हॅरोमध्ये नव्याने निवडून आलेल्या काउन्सिलरलाही, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकाला, वर्गात बसावं लागतं. शिकवतात काय आणि त्याने फरक कुठे पडतो, ते आज बघू या. आपण इथे कर भरतो, मुलं इथल्या शाळांत जातात, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना इथे मत देता येतं. त्यामुळे हा विषय आपल्या घरापर्यंत येतो.

सुरुवात अमेरिकेपासून करू. 8 जानेवारी 2011 रोजी ॲरिझोनातल्या टूसान शहरात एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स आपल्या मतदारांना भेटत होत्या. तिथे गोळीबार झाला. सहा माणसं गेली. गिफर्ड्स यांच्या डोक्याला गोळी लागली, त्या वाचल्या. हल्लेखोर मानसिक आजारी होता, पण या घटनेनंतर राजकारणातल्या भाषेबद्दल देशभर बोललं जाऊ लागलं. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठात 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सिव्हिल डिस्कोर्स' ही संस्था सुरू झाली. तिचे मानद अध्यक्ष होते थोरले जॉर्ज बुश आणि बिल क्लिंटन. हे दोघे 1992 मध्ये एकमेकांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते.

या संस्थेचा एक उपक्रम खास राज्यांच्या आमदारांसाठी आहे. तो उभा केला ओहायोचे माजी आमदार टेड सेलेस्ट यांनी. त्यातली मेख अशी की वर्ग घेणारे प्राध्यापक नसतात, आमदारच असतात, आणि ते दोन्ही पक्षांचे असतात. 'शांत बोला, आवाज चढवू नका' असले धडे तिथे फारसे नसतात. आमदार एकमेकांना सांगतात की आपण राजकारणात का आलो, कोणत्या घरातून आलो. रोज समोरच्या बाकावर दिसणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा आहे, किंवा त्याच्या घरी एक आजारी मूल आहे, हे काहींना तिथे पहिल्यांदा कळतं. ऐकायला हे फार साधं वाटतं. पण ज्याच्याबद्दल आपल्याला एवढं माहीत आहे, त्याला भर सभेत देशद्रोही म्हणणं जड जातं.

पण अमेरिकेत आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं, तर त्याची आमदारकी जात नाही. पुढच्या वेळी तिकीट जाईल कदाचित. म्हणून समोरच्या पक्षातल्या मित्राबरोबर त्याला एखादं विधेयक खरोखर पुढे नेता येतं. भारतात 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्वच जाऊ शकतं. हा कायदा 'आयाराम-गयाराम' थांबवण्यासाठी आला, आणि त्याची गरजही होती. पण त्याची एक किंमत आपण मोजतो: विरोधी बाकावरच्या आमदाराचा मुद्दा शंभर टक्के पटला, तरी हात वर करायचा तो पक्ष सांगेल तेव्हाच. अशा आमदाराला सहकार्याचं प्रशिक्षण दिलं, तरी ते वापरायचं कुठे? समित्यांमध्ये, दुरुस्त्या सुचवताना आणि मंत्र्याच्या दालनात. मतदानाच्या वेळी नाही.

म्हणून महाराष्ट्राकडे बघताना सभागृहातल्या गोंधळाच्या मागे बघावं लागतं. आपल्या विधानमंडळात विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 सदस्य. विधानमंडळाचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि त्याला नाव आहे वि. स. पागे यांचं. पागे सांगली जिल्ह्यातले. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. ते काँग्रेसचे, पण सभापतीच्या खुर्चीला पक्ष नसतो ही जुनी समजूत पाळणारे.

पागे यांचं नाव आपल्याला आठवतं ते रोजगार हमी योजनेमुळे. साठीच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात कामाचा एक प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. 1975 मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि त्या पैशातून गावच्या मजुराला काम देण्याची सोय झाली. आपल्या आई-वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ती छोटीशी कपात असायची, तीच ही. 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशाने असा कायदा केला तो 2005 मध्ये.

आता हे एकमत काही गोड बोलण्यातून आलं नव्हतं. दुष्काळात शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कामासाठी रस्त्यावर मोर्चे काढत होते, सरकारला धारेवर धरत होते. सरकारी बाजूने पागे यांच्यासारखी माणसं कायद्याची बांधणी करत होती. बाहेर भांडण आणि आत काम, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. मला वाटतं, पागे केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या आमदाराला हा इतिहास भाषणकलेच्या आधी शिकवावा.

प्रशिक्षण देणारं हे एकटंच ठिकाण नाही. भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे, 1982 मध्ये सुरू झालेली. म्हाळगी जनसंघाचे आमदार, नंतर ठाण्याचे खासदार. आपण केलेल्या कामाचा लेखी हिशेब मतदारांना देणारे म्हणून त्यांचं नाव विरोधकही घेत.

शिकवणं एकीकडे, तर दुसरा रस्ता शिक्षेचा. 5 जुलै 2021 रोजी तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याचा ठराव करून विधानसभेने भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 जानेवारी 2022 रोजी न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. त्या अधिवेशनापुरतं ठीक, त्यापुढचं निलंबन घटनाबाह्य आणि तर्काला सोडून आहे, असा निकाल. कारण समजून घेण्यासारखं आहे: आमदार बाहेर बसला की त्याचा अख्खा मतदारसंघ बाहेर बसतो. गोंधळ घातला एकाने, आणि प्रश्न विचारायचे राहिले लाखो लोकांचे.

हाच पेच वेगळ्या रूपात आपल्या हॅरोमध्येही आहे. आता इकडे येऊ.

हॅरो काउन्सिलमध्ये 22 वॉर्ड आणि 55 जागा. 2022 च्या मे महिन्यात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 31 आणि लेबरला 24 जागा मिळाल्या आणि सत्ता पालटली. फरक थोडा, म्हणजे चुरस मोठी. संसदेतही तसंच. हॅरो ईस्टचे बॉब ब्लॅकमन कॉन्झर्व्हेटिव्ह, हॅरो वेस्टचे गॅरेथ थॉमस लेबर. (पिनर तिसऱ्याच मतदारसंघात येतं, ते आज बाजूला ठेवू.) रस्ता ओलांडला की खासदाराचा पक्ष बदलतो, पण कचऱ्याची गाडी तीच आणि काउन्सिल टॅक्सही तोच.

निवडून आलेल्या काउन्सिलरला काय शिकवतात? सगळ्यात आधी आचारसंहिता. 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टप्रमाणे प्रत्येक काउन्सिलला ती ठेवावीच लागते, आणि ती नोलन समितीने 1995 मध्ये सांगितलेल्या सात तत्त्वांना धरून असावी लागते. निःस्वार्थीपणा, सचोटी, निष्पक्षता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व, अशी ती सात. काउन्सिलांच्या राष्ट्रीय संघटनेने 2020 च्या डिसेंबरमध्ये एक नमुना संहिता काढली. तिच्यात पहिलंच कर्तव्य आदराचं आहे: इतर काउन्सिलरांशी आणि जनतेशी आदराने वागा. त्यात एक बारकावा आहे. एखाद्याच्या मतावर, धोरणावर कितीही कडक टीका चालते. माणसावर हल्ला चालत नाही. आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत मास्तर हेच सांगायचे, फक्त तिथे हरल्यावर वॉर्ड जात नव्हता.

आणि कुणी हे मोडलं तर? तक्रार मॉनिटरिंग ऑफिसरकडे जाते. चौकशी होते. पण 2011 नंतर इंग्लंडमध्ये काउन्सिलरला निलंबित करण्याचा अधिकारच काउन्सिलला उरला नाही. निषेधाचा ठराव करता येतो, पक्षाला सांगून समितीवरून काढता येतं, आणि पुन्हा प्रशिक्षणाला बसायला सांगता येतं. म्हणजे शिक्षासुद्धा वर्गच! सरकारने 2024 च्या डिसेंबरमध्ये निलंबन परत आणावं का यावर लोकांची मतं मागवली. मुंबईत निलंबन जास्त झालं म्हणून न्यायालय आडवं आलं, आणि इथे निलंबनच नाही म्हणून लोक नाराज. मध्ये कुठेतरी, थोड्या दिवसांचं आणि स्वतंत्र चौकशीनंतरचं निलंबन असावं, असं माझं मत.

पण वर्गापेक्षा जास्त शिकवते ती बसण्याची व्यवस्था. 1989 च्या कायद्याने इथे समित्यांवरच्या जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटाव्या लागतात. सत्ताधाऱ्यांना सगळ्या जागा आपल्याकडे ठेवता येत नाहीत. प्लॅनिंग समितीचं उदाहरण घ्या. समजा तुमच्या शेजाऱ्याने मागच्या बाजूला दुमजली वाढीव बांधकामाचा अर्ज केला आणि तो समितीपुढे गेला. त्या टेबलाशी दोन्ही पक्षांचे लोक बसतात. तिथे पक्षाचा व्हिप चालवायचा नाही, असा संकेत आहे. सदस्याने मन आधीच पक्कं करून यायचं नाही, अर्जदार आणि हरकत घेणारे दोघांचं ऐकून मग ठरवायचं. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं, आणि अनेक काउन्सिलांत ते घेतल्याशिवाय त्या समितीवर बसूच देत नाहीत. महिनोन्‌महिने लोकांची छपरं आणि खिडक्या एकत्र बघितल्यावर समोरच्या पक्षाचा माणूस आपोआप ओळखीचा होतो. अमेरिकेतले वर्ग जे एका दिवसात साधू पाहतात, ते इथे कामाच्या ओघात होतं.

संसदेतही असंच. आपले बॉब ब्लॅकमन ज्या निवड समितीवर होते, तिचे अध्यक्ष लेबरचे क्लाइव्ह बेट्स. समितीने बेघरांच्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि ब्लॅकमन यांनी खासगी सदस्य म्हणून विधेयक मांडलं. ते सर्व बाजूंच्या पाठिंब्याने 2017 मध्ये कायदा झालं. त्याने काय बदललं? घर जाण्याची वेळ आलेल्या कुटुंबाला पूर्वी काउन्सिलकडून 28 दिवस आधी मदत मागता यायची, आता 56 दिवस. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, घरमालकाची नोटीस आलेल्या आपल्यातल्या कुटुंबांनाही हे लागू पडू शकतं. व्हिसाच्या अटी मात्र तपासाव्या लागतात.

एवढं सगळं असूनही या देशाने जो कॉक्स यांना 16 जून 2016 रोजी आणि डेव्हिड ॲमेस यांना 15 ऑक्टोबर 2021 रोजी गमावलं. एक लेबरच्या, एक कॉन्झर्व्हेटिव्ह, दोघेही मतदारांना भेटण्याच्या कामात असताना मारले गेले. आज काउन्सिलरांना धमक्या येतात, बायकांना आणि आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना जरा जास्तच. काउन्सिलांच्या संघटनेने 2022 मध्ये त्याविरुद्ध मोहीम काढली ती यामुळेच. धोका साधा आहे: चांगली माणसं, आपल्यातलीही, उभीच राहणार नाहीत.

एका गोष्टीची भीती मात्र मला वाटते. 'नीट बोला' हे वाक्य अनेकदा ज्याचं पोट जळतंय त्यालाच ऐकवलं जातं. सभ्यता म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ कुणी काढला तर हे सगळे वर्ग बंद केलेले बरे. संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण शोधून जरूर वाचा. आपल्या मसुद्याला सतत विरोध करणाऱ्या सदस्यांची नावं घेऊन त्यांनी आभार मानले. त्यांत आपले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. सगळे पक्षशिस्तीने मान डोलावत बसले असते तर चर्चा नीरस झाली असती, असं बाबासाहेबांचं म्हणणं.

आता तुमच्या कामाचं. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथे राहत असाल तर काउन्सिलच्या आणि संसदेच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येतं. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. काउन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर कायम वास्तव्याची परवानगी लागते.

काउन्सिलच्या सभा लोकांना खुल्या असतात, आणि पूर्ण सभेत नागरिकांना प्रश्नही विचारता येतो; तो आधी लेखी द्यावा लागतो. तुमच्या वॉर्डात दोन किंवा तीन काउन्सिलर असतील. शाळेबद्दल, पार्किंगबद्दल, रात्री बंद पडलेल्या दिव्याबद्दल लिहाल तेव्हा ईमेल सगळ्यांना एकत्र पाठवा, पक्ष कुठलेही असोत, आणि एकाचं उत्तर आलं की तेही बाकीच्यांना पाठवा.