खारे वारे आणि मतलई

मुंबईकरांच्या बोलण्यांत एक वाक्य हटकून येतें: आमच्याकडे हिवाळाच नसतो. पुण्याहून किंवा नाशिकहून आलेला पाहुणा तें हसत हसत मान्यही करतो. परंतु ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर, नेरूळनजीकच्या सारसोळे या जुन्या कोळीवाड्याच्या धक्क्यावर पौषांतील एखाद्या पहाटे उभें राहिल्यास या समजुतींतील उणीव ध्यानांत येते. पाण्यावर विरळ धुकें असतें, जमिनीकडून कोरडा गार वारा वाहत असतो, आणि होडी लोटणारा मनुष्य कानांवरून फडकें गुंडाळतो. हिवाळा येथें आहे. मात्र तो सौम्य आहे, आणि त्या सौम्यपणाचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

पाणी तापण्यास माती-खडकांच्या चौपट-पांचपट उष्णता लागते. म्हणून समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. नागपुरास जानेवारी आणि मे यांच्या दुपारच्या तपमानांत सरासरीनें तेरा-चौदा अंशांचें अंतर पडतें. मुंबईस तें जेमतेम दोन-तीन अंशांचें असतें. हा नियम सर्व जगास लागू आहे. लंडन आणि कॅनडांतील विनिपेग हीं शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तथापि विनिपेगचा पारा हिवाळाभर शून्याखालीं खोल उतरलेला असतो, आणि लंडनचा बहुधा शून्याच्या वरच राहतो. लंडनच्या बेटास महासागराचा शेजार आहे, विनिपेगला तो नाहीं.

किनाऱ्यावर हा शेजार दोन वाऱ्यांच्या रूपानें प्रत्ययास येतो. दिवसां जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धांव घेते. हे खारे वारे. रात्रीं जमीन लवकर निवते आणि वारा उलट्या दिशेनें समुद्राकडे वाहूं लागतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळीं पहाटे मतलईवर बाहेर पडावें आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतावें, असा किनाऱ्यावरील दर्यावर्दींचा परिपाठ होता. सारसोळ्यास खारा वारा मुंबई आणि तुर्भे ओलांडून, शेवटीं खाडीच्या पाण्यावरून येतो.

या वाऱ्यांची शिस्त बिघडली म्हणजे काय होतें, याच्या नोंदी आहेत. २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझ येथें पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. १४ एप्रिल १९५२ रोजीं तेथेंच तो ४२.२ अंशांवर गेला होता. मार्च-एप्रिलमध्यें पूर्वेकडील तप्त वारा हटेनासा होतो आणि खाऱ्या वाऱ्यास उशीर होतो, तेव्हां शहर होरपळून निघतें. दुपारीं बारा वाजतां येणारी झुळूक तीन वाजतां आली, तर तेवढ्या अवधींत चार-पांच अंशांचा फरक सहज पडूं शकतो.

सौम्य हवा ही नेहमींच सुखद असते असें मात्र नाहीं. वैशाखांत नागपूरपेक्षां येथील पारा बराच खालीं असतो, परंतु हवेंतील बाष्पामुळें घाम वाळत नाहीं आणि जीव कासावीस होतो. हवा सौम्य आणि कोरडी अशी एकाच वेळीं मिळते ती साधारणपणें डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. वर्षांतून आठ-दहा आठवडेच लाभणारी ही हवा आहे. याच सुमारास खाडीच्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरलेले दिसतात.

ही देणगी सर्वस्वीं आकाशांतून येत नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यावर येथें नवें शहर उभें राहिलें. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन शोषून रात्रीं तें परत देतात, त्यामुळें पहाटेचा गारवा उणावतो. उलट तिवरांची राई, ओली दलदल आणि उघडें पाणी हीं भोवतालची हवा निववितात. ठाणे खाडीच्या एका भागास २०१५ सालीं अभयारण्याचा, आणि २०२२ सालीं रामसर करारान्वयें पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठीं राखलेलें हें पाणी आणि त्याकांठचीं तिवरें माणसाच्या झोंपेसही उपकारक आहेत, ही गोष्ट खाडीकांठच्या घरांनीं विसरूं नये.

पौषांत एखाद्या रात्रीं पंखा बंद करून पूर्वेकडील खिडकी उघडावी. पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसें वाटलें, तर मतलई अजून वाहत आहे असें समजावें.