मामाची मांडी

वाड्याच्या वाटणीवरून धाकटी बहीण आणि मी ३ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. भाचीचे तोंडही मी पाहिले नव्हते. २०२३ च्या वैशाखात मेव्हण्यांचा फोन आला : "दादा, छकुलीचे जावळ काढायचे आहे. मांडी मामाचीच लागते ना?"

आमचा पडला मास्तरी स्वभाव! मी आधी पोथी उघडली. मनुस्मृती चौलासाठी पहिले किंवा तिसरे वर्ष सांगते; आश्वलायन गृह्यसूत्र तिसरे, नाहीतर कुळाचाराप्रमाणे. पण सूत्रातले मूल बसते आईच्या मांडीवर. शेजारी नव्या परळात बैलाचे शेण आणि शमीची पाने. मुलींचाही विधी आहे, मात्र मंत्रांवाचून. मामाचा कुठे पत्ताच नाही!

म्हणजे ही मांडी रूढीने दिलेली. लेकीचे माहेर तुटू नये म्हणून कुणा शहाण्या आजीनेच ती घातली असावी, असे आपले मला वाटते.

मी गेलो. न्हाव्याचा वस्तरा फिरू लागताच पोर रडत मलाच बिलगली. "दादा, डोके नीट धर हं," बहीण म्हणाली. ३ वर्षांतले तिचे पहिले वाक्य!

जावळ काढल्याने केस दाट येतात, हे खरे नव्हे. केसाचे मूळ कातडीखाली असते, वस्तरा तिथवर पोचत नाही. पण तेव्हा हे सांगावेसे वाटले नाही. वाटणीचा कागद अजून तसाच पडून आहे. बोलणे मात्र सुरू आहे.