जोगत्याचें लुगडें

माघी पौर्णिमा जवळ आली म्हणजे सांगली-साताऱ्याकडील भाविकांचे जथे बेळगांव जिल्ह्यांतील सौंदत्तीच्या डोंगराकडे, यल्लम्मेच्या दर्शनास निघतात. कपाळीं भंडारा, डोक्यावर परडी अथवा देवीचा जग आणि साथीला चौंडकें व तुणतुणें असतें. सांगली जिल्ह्यांत जत येथेंही देवीची मोठी यात्रा भरते. अशा मेळ्यांत लुगडें नेसलेला, हातीं हिरवा चुडा ल्यालेला एखादा पुरुष दिसतो. मराठी मुलखांत त्याला जोगता म्हणतात, कानडींत जोगप्पा. शहरांतील सुशिक्षित मनुष्य त्याच्याकडे पाहून हंसतो किंवा मान फिरवितो. परंतु त्या लुगड्यामागचा विधि समजून घेतल्यावांचून त्या माणसाविषयीं मत बनविणें न्यायाचें नव्हे.

यल्लम्मा म्हणजेच रेणुका. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामानें तिचा शिरच्छेद केला व पुढें वर मागून तिला जिवंत केलें, ही कथा सर्वश्रुत आहे. मार्गशीर्षांत ही देवी विधवा होते व माघांत तिला पुन्हां सौभाग्य लाभतें, अशी भक्तांची श्रद्धा आहे. ही देवी ज्याला धरते त्याचें पुरुषपणही पालटते, असें मानतात. एखादा मुलगा लहानपणापासून मुलींतच रमतो, लुगड्याची ओढ धरतो. घरचे आधीं मारतात, मग देवर्षी गांठतात आणि शेवटीं देवीचा कौल म्हणून स्वीकारतात. दीक्षेच्या वेळीं त्याच्या कमरेचा करदोटा, म्हणजे पुरुषपणाची खूण, तोडतात. गळ्यांत मण्यांची माळ घालतात. लुगडें व बांगड्या देतात. शरीरावर शस्त्र चालविण्याची अट या परंपरेंत नाहीं. पुढें जोगवा मागणें हेंच त्याचें जीवन होतें.

कर्नाटकांतील प्रसिद्ध लोककलावंत मंजम्मा जोगती यांनीं ही दीक्षा घेतली. आपला मुलगा मेला असें मानून त्या दिवशीं आई रडली, असें त्यांनीं सांगितलें आहे. त्याच मंजम्मा २०१९ मध्यें कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याच्या मनांत स्त्रीत्व आधींच वसत होतें, त्याला या विधीनें नांव दिलें, गुरु दिला, गांवांत जागा दिली.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. न विंचरल्यानें केंसांचा गुंता होऊन जट बनते. तीच देवीचें बोलावणें समजून, किंवा घरावरील संकट टळावें म्हणून, मनांत तसें कांहीं नसलेलीं मुलेंही देवीला सोडलीं गेलीं. राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी व २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट यांत अशा बळेंच लुगडें नेसविलेल्या तरुणाचें दुःख आलें आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ मध्यें स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जटा सोडविण्याचें काम हातीं घेतलें, तें याच दुःखाच्या मुळाशीं जाऊन.

लुगडें एकच, पण एकाला तें मुक्ति व दुसऱ्याला बेडी. भेद एवढाच कीं, नेसणाराला कोणीं विचारलें होतें काय? १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, आपण स्त्री, पुरुष कीं तृतीयपंथी हें ज्याचें त्यानें ठरवावें. विधि देवीचा कौल विचारतो. न्यायालयानें माणसाचा कौल मानला. मात्र विधि जें देतो, तें कोणत्याही निकालपत्राला देतां येत नाहीं. तो साऱ्या गांवासमोर ‘ही आमची’ असें म्हणतो. तो शब्द देवीच्या धाकावांचून, जोगव्याच्या झोळीवांचून घरच्यांच्याच तोंडून निघेल, तर जोगत्याला डोंगर चढावा लागेल तो केवळ भक्तीसाठीं.