सूर्याच्या प्रभामंडलाचे चुंबकत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

निफाडच्या शिवारात जमिनीची मोजणी करावयास आलेला मोजणीदार पूर्वी फलकावर होकायंत्र ठेवून क्षणभर थांबे. थरथरणारी सुई उत्तरेस स्थिरावली, की मगच नकाशावर पहिली रेघ पडे. त्या सुईस वळवणारे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र येथे अवघे सुमारे 0.4 गॉस (चुंबकक्षेत्राचे एकक) आहे, आणि सूर्याविषयी बोलताना हाच आकडा हाताशी ठेवणे सोयीचे.

खग्रास ग्रहणात मोतिया तेजाने प्रकटणारे सूर्याचे बाह्य वातावरण, म्हणजे प्रभामंडल, दहा लाख अंशांहून अधिक तापलेले असल्यामुळे तेथील चुंबकत्वही तितकेच प्रचंड असावे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः सौरडागांत हे क्षेत्र 2000 ते 4000 गॉसपर्यंत चढत असले, तरी प्रभामंडलाच्या सूर्यालगतच्या भागात, तेथील लहरींच्या वेगावरून काढलेल्या व 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार, ते 1 ते 4 गॉसच भरले. मात्र तेथील वायू इतका विरळ आहे, की एवढ्या अल्प बळाचीही त्यावर पूर्ण हुकमत चालते. सौरवादळांचे मूळ या पिळल्या गेलेल्या क्षेत्रातच आहे.

भारताचे ‘आदित्य-एल1’ यान आपल्या 6 मीटर लांब दांड्यावरील चुंबकमापकाने प्रभामंडलाचेच क्षेत्र मोजते, ही समजूतही खरी नव्हे. यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या वाटेच्या शंभराव्या हिश्श्यावर आहे. सौरवाऱ्याबरोबर तेथवर वाहत आलेले क्षेत्रच त्यास मोजता येते. प्रभामंडलाची बाहेरची वेस प्रत्यक्ष ओलांडण्याचा मान 2021 साली अमेरिकेच्या पार्कर यानास मिळाला. त्याहून आतली हकीकत प्रकाशाच्या तोंडूनच ऐकावी लागते.

ती ऐकणे फार कष्टाचे आहे. चुंबकक्षेत्रात वर्णरेषा फाकतात, या भौतिकशास्त्रज्ञ झीमानच्या शोधाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी 1908 साली सौरडागांचे क्षेत्र मोजले; परंतु प्रभामंडलाचा प्रकाश सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश, आणि उष्णतेने तेथील रेषा इतक्या रुंदावलेल्या, की ती फाक त्यांतच बुडून जाते. म्हणून बारा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या अवरक्त रेषा निवडून त्यांच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण तपासतात. हवाईतील 4 मीटर आरशाच्या इनोये दुर्बिणीने अशा रीतीने तयार केलेले नकाशे 2024 साली प्रसिद्ध झाले. हे यश मला कोणत्याही यानोड्डाणाइतकेच थोर वाटते. अशा वेधांसाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, कारण खगोलशास्त्रज्ञ ल्यो यांनी 1930 च्या सुमारास कृत्रिम ग्रहण घडवणारी दुर्बीण सिद्ध केली होती.

सौरवादळाने उन्हाळा वाढतो, ही समजूत तर सर्वांत निराधार. वादळ हलवते ते होकायंत्राच्या सुईस, उष्णतामापकातील पाऱ्यास नव्हे. 1859 साली सप्टेंबरात मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेने पृथ्वीचे क्षितिजसमांतर चुंबकक्षेत्र सुमारे 0.016 गॉसने घसरल्याची नोंद केली, आणि आजवर नोंदलेल्या प्रबळतम वादळांपैकी एकाचा तो अमोल दाखला ठरला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून चुंबकीय नोंदींचे हे काम अलिबागेस नेण्यात आले. तेथे 1904 पासून सुरू झालेल्या नोंदी आजही चालू आहेत.