शिरांना वाट दाखवणारी प्रथिने

गावठी कोंबडी खुडूक बसली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर 21 दिवस तिला कुणी उठवत नाही. चौथ्या-पाचव्या रात्री तिच्याखालचे एखादे अंडे अलगद काढून बॅटरीच्या झोतासमोर धरावे. वांझ अंड्यातून नुसता पिवळट उजेड आरपार येतो. अंड्यात जीव धरला असेल, तर गडद ठिपक्याभोवती कोळ्याच्या पायांसारखे तांबडे तंतू पसरलेले दिसतात.

त्या अंड्यात सुरुवातीला रक्ताचा थेंबही नसतो. भ्रूणाचे हृदय दीड दिवसाच्या सुमारास धडधडू लागते; शिरांची आखणी मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. बलकावरच्या पातळ थरात पेशींची छोटी बेटे उमटतात. कडेच्या पेशी नलिकेचे अस्तर होतात, आतल्या पेशींचे रक्त होते, आणि बेटे एकमेकांना मिळून जाळे तयार होते.

या कामातला मुख्य निरोप्या म्हणजे व्हीईजीएफ हे प्रथिन. प्राणवायू कमी पडलेल्या पेशी ते बाहेर सोडतात. अस्तराच्या पेशींवरचे ग्राहक प्रथिन त्याला पकडते. मग दोन ग्राहक जोडीने जुळून एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि वाढीचा, सरकण्याचा हुकूम पेशीच्या आत पोचतो. प्राणवायूची टंचाई पेशीला कशी कळते, हे उलगडणाऱ्या तिघांना 2019 चे नोबेल मिळाले.

या प्रथिनाचे प्रमाण किती काटेकोर असावे? 1996 मध्ये दोन गटांनी उंदरांच्या भ्रूणात त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त एक बंद केली. भ्रूण गर्भातच दगावले. बहुतेक जनुकांचे एका प्रतीवर भागते. इथे निम्मा पुरवठाही चालला नाही.

नुसते ‘वाढा’ म्हणूनही भागत नाही. सगळ्याच पेशी पुढे धावल्या तर शीर न होता गुंता होईल. म्हणून ज्या पेशीला निरोप जास्त पोचतो ती टोकाला जाते, बोटांसारखे धागे काढून वाट चाचपते, आणि डीएलएल4 नावाच्या प्रथिनाने शेजारणीच्या नॉच ग्राहकाला टोचते. शेजारीण मुकाट्याने मागे राहून नलिकेची भिंत होते. मला या साऱ्या प्रकरणात हा दटावणीचा भाग सर्वात हुशारीचा वाटतो. पुढे अँजिओपोएटिन-1 हे प्रथिन कोवळ्या भिंतींना बळकटी आणते.

याहून चकित करणारी गोष्ट पुण्यातली. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रा या गोड्या पाण्यातल्या काही मिलिमीटरच्या जीवात व्हीईजीएफचा हा मार्ग तपासला. हायड्राला रक्त नाही, शिरा नाहीत, हृदयही नाही. तरी हे प्रथिन आहे, त्याचा ग्राहकही आहे, आणि कापलेले डोके पुन्हा उगवण्याशी त्यांचा संबंध आहे, असे 2019 च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसते. निरोप जुना, शिरा बांधण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले.

माणसाच्या गर्भातही हाच व्यवहार चालतो, आणि डहाणू-तलासरीत घरोघरी कळावी अशी गोष्ट इथेच आहे. बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर शिरा साधारण सोळाव्या आठवड्यापासून पसरू लागतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत कडेला पोचतात. बाळ फार लवकर जन्मले की पडद्याचा बाहेरचा भाग शिरांविना असतो. गर्भात प्राणवायू बेताचा असतो. बाहेर तो, त्यातून नळीने दिलेला, एकदम वाढतो. व्हीईजीएफ उतरते, शिरा थबकतात. काही आठवड्यांनी वाढत्या पडद्याला प्राणवायू पुरेनासा होतो, मग तेच प्रथिन उसळते आणि वेड्यावाकड्या, गळक्या शिरा फुटतात. त्या पडदा ओढून सोडवू शकतात; मग दृष्टी कायमची जाते.

वेळेत कळले तर लेझरने किंवा व्हीईजीएफला अडवणाऱ्या इंजेक्शनने बहुतेक डोळे वाचतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, डोळा स्वच्छ, चमकदार असतो. म्हणून 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा, असा आपल्याकडचा दंडक आहे; 28 आठवड्यांआधीचे किंवा 1200 ग्रॅमहून हलके बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ दूध पिते आहे, वजन धरते आहे, म्हणून घरी नेल्यावर ही तारीख हुकते. दवाखान्यातून सुट्टी मिळतानाच डोळ्यांच्या तपासणीचा दिवस कागदावर लिहून मागावा.